काचपेटीतल्या आगबोटी

जयविलास राजवाडा पाहायला आलेल्या पाहुण्याला आपण ग्वाल्हेरकर आधी दाखवतो ती दरबार-दालनातली दोन अजस्र झुंबरे, आणि त्यांच्या पाठोपाठ भोजनगृहातली चांदीची आगगाडी. टेबलावरच्या रुळांवरून मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरत असे, आणि कोणी सुरई उचलली की जागच्या जागी थांबत असे, ही हकीकत लष्करातल्या लहान पोरालाही पाठ असते. पण या आगगाडीचे कौतुक करणाऱ्या माधवराव महाराजांनी एक खरीखुरी आगबोटही विकत घेतली होती, आणि ती साडेचारशे फुटांहून लांब होती, हे सांगितले तर पाहुणाच काय, घरचा माणूसही क्षणभर थबकतो. समुद्रापासून शेकडो मैल दूर, चंबळेच्या अलीकडे राज्य करणाऱ्या राजाला आगबोट कशाला हवी?

ती हवी होती पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी. इंग्लंडातल्या बॅरो येथे १८९१ साली बांधून पूर्ण झालेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची बोट वीस-बावीस वर्षे व्हँकुव्हर ते हाँगकाँग अशा फेऱ्या करीत होती. पांढरीशुभ्र काया, शिडाच्या जहाजासारखी पुढे झुकलेली डौलदार नाळ, तीन डोलकाठ्या आणि दोन धुराडी. डिसेंबर १९१४ मध्ये महाराजांनी ती विकत घेतली, तिचे तरते रुग्णालय केले, आणि १९१५ च्या आरंभी तिचे नाव बदलून ‘लॉयल्टी’ ठेवले. महाराजांचा हा पहिलाच असा उद्योग नव्हता. चीनमधल्या १९०० सालच्या मोहिमेतही त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाचे रुग्णालय-जहाज सज्ज करून दिले होते.

युद्ध संपल्यावर ‘लॉयल्टी’ विक्रीस निघाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली, आणि जी नवी कंपनी उभी केली तिला नाव दिले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. म्हणजे आपल्या शिंदे सरकारांचे आडनाव, इंग्रजी उच्चाराने बिघडलेले का होईना, देशी जहाजधंद्याच्या कपाळावर कोरले गेले ते या बोटीमुळे. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. १९६४ पासून तोच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बोटीचे स्वतःचे आयुष्य मात्र त्यानंतर फार उरले नव्हते. परकी कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून नव्या कंपनीचा जीव नकोसा केला, जुनी बोट नांगरून पडली, आणि १९२३ साली मुंबईतच ती मोडीत निघाली. कंपनी मात्र तगली, वाढली, आणि पुढे विशाखापट्टणमला तिने गोदी उभारली. त्या गोदीतली ‘जलउषा’ १९४८ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडली गेली.

चांदीची आगगाडी राहिली, खरी आगबोट गेली. बोटींचे असेच असते. एखादा वाडा दोनशे वर्षे उभा राहतो, तोफ तर त्याहूनही टिकते, पण लोखंडी-पोलादी बोट पंचवीस-तीस वर्षांत म्हातारी होते आणि भंगाराच्या भावाने विकली जाते. तिच्यामागे उरतात ते काही नकाशे, काही छायाचित्रे, आणि नशीब थोर असेल तर काचपेटीत ठेवलेली एक छोटी बोट. ही छोटी बोट बनविणे हा एक मोठा धंदा होता आणि आजही आहे. हौशी लोक घरी बसून करतात ते वेगळे. कंपनीने फर्मान सोडायचे, मोजमाप द्यायचे, मुदत द्यायची, आणि कारागिराने ती बोट जशीच्या तशी, पण पन्नासाव्या हिश्शाएवढी करून द्यायची, असा हा व्यवहार.

एक गैरसमज आधीच दूर करावा. जहाजबांधणीच्या गोदीत लहान नमुने होत ते सगळेच शोभेसाठी नव्हेत. बोटीच्या दोन्ही बाजू सारख्याच असल्याने लाकडाचा एकाच बाजूचा अर्धा नमुना करीत, त्यावर पोलादी पत्र्यांच्या कडा शाईने आखीत, आणि त्यावरून मोजून कारखान्याकडे पत्रे मागवीत. कागदावरच्या रेषेपेक्षा लाकडाच्या गोलाईवर फीत धरणे अधिक भरवशाचे. दुसरा प्रकार मेणाचा. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये टॉर्की येथे लांबलचक हौद बांधून त्यात मेणाच्या छोट्या बोटी ओढण्याची पद्धत घालून दिली. पाणी किती अडवते हे छोट्या नमुन्यावर मोजायचे आणि त्यावरून मोठ्या बोटीला किती ताकदीचे इंजिन लागेल याचे गणित मांडायचे. स्कॉटलंडात डम्बार्टनच्या डेनी कंपनीने १८८३ मध्ये असा हौद स्वतःच्या खर्चाने बांधला. व्यापारी गोदीने बांधलेला जगातला तो पहिला. गंमत अशी की या मेणाच्या बोटी कोणी जपून ठेवीत नसत. काम झाले की वितळवायच्या आणि त्याच मेणातून पुढची बोट ओतायची. आपल्याकडे गौरी-गणपती विसर्जित होतात, तसाच काहीसा हा प्रकार.

काचपेटीतली बोट मात्र विसर्जनासाठी नसते. ती लोकांनी पाहावी म्हणूनच जन्माला येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात, विमाने येण्यापूर्वी, समुद्रापार जायचे म्हणजे बोटीनेच. लंडनच्या कॉक्सपर स्ट्रीटसारख्या रस्त्यांवर प्रवासी कंपन्यांच्या पेढ्या ओळीने होत्या, आणि तिकीट घ्यायला येणाऱ्याला बोट दाखवायची तर ती लंडनच्या रस्त्यावर आणणार कशी? म्हणून दर्शनी खिडकीत आठ-दहा फुटांची प्रतिकृती. माणूस काचेला नाक लावून उभा राही, आपली खोली कोणत्या गोल खिडकीमागे येईल ते बोटाने मोजी, धुराड्यांची संख्या पाही (धुराडी जितकी अधिक तितकी बोट भरवशाची, अशी तेव्हाची भाबडी समजूत), आणि मग आत जाऊन पैसे मोजी. काही नमुन्यांची एक बाजू कापलेली असे, म्हणजे आतल्या खोल्या, जिने, भोजनगृह सगळे बाहुलीघरासारखे दिसे. संचालकांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर अर्धीच बोट आरशाला चिकटवून लावीत. प्रतिबिंबाने ती पुरी दिसे आणि खर्च निम्म्यावर येई. व्यापारी माणूस कुठेही व्यापारीच.

नेहमीचे प्रमाण असे पाव इंचाला एक फूट, म्हणजे मूळ बोटीच्या अठ्ठेचाळिसावा हिस्सा. हे प्रमाण सोयीचे वाटते, पण त्याने काय काय घडते पाहा. क्यूनार्ड कंपनीची ‘क्वीन मेरी’ १,०१९ फूट लांब. या प्रमाणाने तिची प्रतिकृती एकवीस फुटांची होते, म्हणजे आपल्या जुन्या वाड्यातल्या दिवाणखान्यात ती आडवी मावायची नाही. उलट डेकच्या कठड्याचा एक इंची गज घ्या. तो होतो अर्ध्या मिलिमीटरचा. एका बोटीवर असे गज शेकड्यांनी, प्रत्येकाला आडव्या तारा ओवण्यासाठी भोके पाडायची, आणि ती सगळी एका रेषेत यायला हवीत. एक गज केसभर वाकडा गेला तर सगळा कठडा दारूड्यासारखा दिसतो. अशा प्रमाणात उभा केलेला खलाशी जेमतेम सव्वा-दीड इंच उंच होईल. बहुतेक कारागीर तो करीतच नसत. माणूस नसलेली बोट कोणत्याही क्षणी सुटेल अशी वाटते. माणूस ठेवला की ती खेळणे होते. हे कोणी लिहून ठेवलेले नाही, पण जुन्या प्रतिकृती पाहताना असे वाटते खरे.

बोटीचे अंग म्हणजे तिचा सांगाडा-कातडे मिळून जे होते ते, लाकडाचेच करीत. पिवळ्या पाइनच्या फळ्या घ्यायच्या, नकाशातल्या एकेका जलरेषेच्या आकाराने एकेक फळी कापायची, आतून पोकळ करायची आणि सरसाने एकावर एक चिकटवायची. इंग्रज कारागीर या पद्धतीला पाव-लोणी म्हणत. फळी हा पाव आणि सरस हे लोणी. चिकटविल्यावर बाजू जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. मग रंधा, पटाशी, कानस आणि शेवटी घासकागद यांनी त्या पायऱ्या उतरवायच्या. मधून मधून पत्र्याचे साचे लावून पाहायचे की गोलाई नकाशाबरहुकूम येते आहे की नाही. इथे घाई केली तर पुढचे सगळे वाया. जुने पाइनच का, तर ते वाळलेले, गाठ नसलेले, आणि ऋतू बदलला तरी न फुगणारे असे. काचपेटीतली बोट पन्नास वर्षांनी तडकली तर कारागिराला कोण जाब विचारणार? तरी तो लाकूड वाळवीत बसे.

मग रंग. रंगाचा थर बोटीबरोबर लहान होत नाही, ही या धंद्यातली मोठी अडचण. खऱ्या बोटीवर रंगाचा थर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण तोच अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाच्या बोटीवर दिला तर पत्र्यांच्या कडा बुजून जातात. म्हणून पातळ हात द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा, पुन्हा घासायचा. असे किती तरी हात. डेकसाठी फिकट, बारीक रेषांचे लाकूड. त्यावर फळ्यांमधले सांधे शाईने आखायचे. आणि धातूकाम तर सोनाराचेच. नांगर, साखळ्या, कप्प्या, लाइफबोटी टांगायचे बाक, दोरखंड गुंडाळायचे खुंट, हे सगळे पितळेत लहान लेथवर कातून त्यावर सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा देत, म्हणजे बंद पेटीत ते काळवंडू नये. खऱ्या बोटीवर हीच यंत्रे काळ्या-करड्या रंगाने माखलेली, तेलकट, कुरूप. प्रतिकृतीत ती लखलखतात. कोणी म्हणेल हे खोटे झाले. मला तसे वाटत नाही. लग्नाच्या दिवशीचा नवरीचा फोटो खोटा असतो का? रोज काही ती शालू नेसून स्वयंपाक करीत नाही. पण घरात तोच फोटो लावतात.

क्लाइड नदीकाठच्या मोठ्या गोद्यांत या कामासाठी खास कर्मशाळा असत. बाहेर स्वतंत्रपणे हा धंदा करणारेही होते, आणि त्यांत सर्वांत गाजलेले नाव नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांचे. वेनमन जोसेफ बॅसेट-लोक (१८७७–१९५३) हा बॉयलर बनविणाऱ्याचा मुलगा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने छोट्या आगगाड्या टपालाने विकायला सुरुवात केली आणि पुढे बोटींच्या प्रतिकृतींत नाव मिळविले. त्याच्या आवडीनिवडीही काही सामान्य नव्हत्या. आपले घर त्याने चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या नामांकित वास्तुशिल्पज्ञाकडून नव्या धर्तीवर सजवून घेतले होते, आणि ते आजही लोक पाहायला जातात. मोठ्या प्रतिकृतींबरोबरच त्याच्याकडे तळहातावर मावणाऱ्या बोटीही होत, शंभर फुटांना एक इंच या प्रमाणाच्या, पाण्याच्या रेषेपासून वरचाच भाग दाखविणाऱ्या. टेबलावर ठेवली की टेबलच समुद्र होतो. दुसऱ्या महायुद्धात या चिमुकल्या बोटींनी खरे काम केले. दूर क्षितिजावरची बोट मित्राची की शत्रूची, हे ओळखायला त्यांवरून शिकवीत. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १९४४ मध्ये उभारलेल्या तरंगत्या बंदराचे नमुनेही याच कंपनीने केले.

कंपन्यांनी या प्रतिकृतींशी केलेले व्यवहार मात्र नेहमीच असे उदात्त नसत. बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीने १९१० मध्ये सुमारे वीस फुटांची एक प्रतिकृती केली, जी आता लिव्हरपूलच्या सागरी संग्रहालयाच्या मालकीची आहे. एकाच आराखड्याच्या तीन बहिणी, ‘ऑलिंपिक’, ‘टायटॅनिक’ आणि ‘ब्रिटॅनिक’. तेव्हा प्रतिकृती तीन कशाला? किरकोळ फेरफार करून एकीनेच आळीपाळीने तिघींची सोंगे वठविली. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये हिमनगावर आपटून बुडाली, ‘ब्रिटॅनिक’ १९१६ मध्ये सुरुंगाने गेली, ‘ऑलिंपिक’ पुढे भंगारात गेली. काचेतली ही चौथी बहीण मात्र तिघींची नावे भोगून शिल्लक आहे. ‘लुसिटानिया’ची हकीकत त्याहून कठोर. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ती आयर्लंडजवळ बुडवली, अकराशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर पेढीच्या खिडकीत तिची प्रतिकृती ठेवणार कोण? तेव्हा तिची जोडीदारीण ‘मॉरिटानिया’ हिच्यासारखे थोडे बदल करून तिला नवे नाव दिले. आज ती कॅनडातल्या एका सागरी संग्रहालयात आहे. बदललेल्या रंगाखाली जुन्या बोटीचे अंग तसेच आहे.

आणि ज्यांनी हे सर्व घडविले ते? पेटीवरच्या पितळी पाटीवर बोटीचे नाव असते, कंपनीचे असते, गोदीचे असते. हात ज्याचे झिजले त्याचे नाव बहुधा नसते. १९६० नंतर क्लाइडकाठच्या गोद्या एकामागून एक बंद पडू लागल्या. डेनी कंपनी १९६३ मध्येच गेली. त्यांच्या कितीतरी प्रतिकृती ग्लासगोच्या संग्रहालयात गेल्या, आणि २०११ मध्ये नदीकाठी उघडलेल्या नव्या इमारतीत त्यांतल्या काही चक्क सरकत्या पट्ट्यावरून पाहणाऱ्यांपुढून फिरतात. लोक थांबून पाहतात ते बोट. बोटीची माहिती वाचतात. आणि पुढे जातात.

पण एक माणूस पुढे गेला नाही, त्याची गोष्ट सांगायलाच हवी. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया शहरात एका चिनी शिंप्याच्या दुकानात भिंतीवर ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ या बोटीचे चित्र लावलेले होते. ही आपल्या ‘लॉयल्टी’चीच वारसदार, त्याच कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची, १९१२ मध्ये ग्लासगोच्या फेअरफील्ड गोदीत पाण्यात सोडलेली. शिंप्याची बायको याच बोटीने १९१९ साली चीनहून आली होती. दुकानात खेळणाऱ्या मुलाने ते चित्र मनात साठवले. मुलगा मोठा होऊन व्हँकुव्हरचा नावाजलेला शल्यविशारद झाला: डॉ. वॉलेस चुंग. खरी बोट १९४२ च्या जानेवारीत मुंबईहून सैन्य घेऊन निघाली आणि ५ फेब्रुवारीला सिंगापूरजवळ जपानी विमानांनी ती जाळून बुडवली. पण गोदीने केलेली तिची प्रतिकृती कुठेतरी मोडक्या अवस्थेत उरली होती. ती डॉक्टरांच्या हाती आली, आणि त्यांनी सहा वर्षे, हजारो तास खर्चून ती दुरुस्त केली. त्यांचा सगळा संग्रह १९९९ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाला दिला गेला, आणि त्यात ही बोटही आहे. ज्या बोटीने आपली आई आली ती बोट समुद्राच्या तळाशी असताना, तिच्या कठड्याची एकेक तार पुन्हा ओवायची. अशा कामात तास मोजण्यात अर्थ नसतो.

आजही हा धंदा चालू आहे. बोटीचे अंग आता काचतंतूचे ओततात, पितळी पत्रे आम्लाने कोरून जाळीदार भाग काढतात, लेसरने फळ्या कापतात, आणि बारीकसारीक वस्तू त्रिमिती छपाईच्या यंत्रातून बाहेर पडतात. बोटीला नाव देण्याच्या समारंभात प्रमुख पाहुण्याला भेट म्हणून, बँकेच्या कचेरीत ठेवायला, कप्तानाच्या निवृत्तीला, अशी मागणी येते. पण बोटींचेच रूप पालटले. चारशे मीटर लांबीची कंटेनर-बोट चारशेव्या हिश्शाने केली की एक मीटरची होते, आणि तिच्या डेकवर दीड सेंटिमीटरच्या पेट्या हजारोंनी रचायच्या. नांगर-कप्प्या शोधाव्याच लागतात. अशा कामात चिकाटी तीच लागते, पण कारागिराचा जीव रमत असेल का, याची मला शंका आहे.

आता एक आपल्या घरचा प्रश्न. उद्या कोणी ठरवले की ‘लॉयल्टी’ची प्रतिकृती करवून ग्वाल्हेरात, चांदीच्या आगगाडीच्या शेजारी ठेवावी, तर काय होईल? ४५६ फुटांची बोट पाव इंचाच्या प्रमाणाने साडेनऊ फुटांची होते. तेवढी जागा राजवाड्यात सहज आहे. पण कारागीर पहिला प्रश्न विचारील तो पैशांचा नव्हे. तो विचारील, कोणत्या सालची? १८९१ ची, कॅनेडियन पॅसिफिकची पांढरी सम्राज्ञी? १९१५ ची, जखमी शिपाई वाहणारी? की एप्रिल १९१९ ची, मुंबईचा धक्का सोडून निघालेली? तीन साली तीन बोटी. रुग्णालय-जहाज म्हणाल तर पुढचा प्रश्न लगेच तयार. १९०७ च्या हेग करारानुसार सरकारी रुग्णालय-जहाजाच्या पांढऱ्या अंगावर सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा पट्टा हवा, आणि खाजगी देणगीदाराने सज्ज केलेल्या जहाजावर तोच पट्टा तांबडा. महाराजांची बोट यांतली कोणती? प्रतिकृतीवर हा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा होईल, पण तो रंगवण्यापूर्वी कुणालातरी जुनी छायाचित्रे आणि कागद धुंडाळावे लागतील, लंडनमध्ये, मुंबईत, आणि कदाचित आपल्याच शहरातल्या एखाद्या जुन्या घरातल्या पेटाऱ्यात, जिथे पणजोबांचे युद्धावरून आलेले पत्र अजून कापडात गुंडाळून ठेवलेले असेल. मग उरेल ते वराम्यावरचे नाव. अक्षरे पाव इंचाहून मोठी येणार नाहीत.